हसूशेठ भेटून बोलतात

नवा फोन घ्यायचा म्हटलं की लोक तो दुकानात उलटासुलटा करून बघतात, फार तर त्यात स्वतःचा एक फोटो काढतात आणि स्वतःचंच तोंड बघून नाराज होतात. आमचे हसूशेठ फोनला कारखान्यात नेतात. भिवंडीत कारखाना म्हणजे यंत्रमागाचा. पत्र्याच्या शेडमध्ये माग ओळीने धडधडताहेत, धोटे इकडून तिकडे आपटताहेत, शेजारच्याने कानाशी येऊन बोंब ठोकली तरी नुसते ओठ हललेले दिसावेत असा सगळा कल्लोळ. त्या कल्लोळाच्या मधोमध शेठ इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात फोन धरून उभे राहतात, आणि बाहेर रस्त्यावर उभ्या केलेल्या माणसाने त्यांना कॉल लावायचा असतो. तोही साधा नाही, तोंड दाखवून. हा बाहेरचा माणूस म्हणजे बहुतेक वेळा मी.

थोड्या वेळाने शेठ कपाळ पुसत बाहेर येतात आणि निकाल सांगतात. "पास झाला. आतमंदी चांगला बोलला."

मग फोन घरी येतो आणि दोन दिवसांत नापास होतो. तक्रार दर वेळी तीच.

"कारखान्यात बोलला, घरी आला न गप बसला. या फोनाला शांतता सोसत न्हाय."

हसूशेठ, म्हणजे हसुराम, हे माझे दोन्हीकडचे मालक आहेत. टेमघरला त्यांच्या चार मजली इमारतीत आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. आणि मी ज्या ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंगचं काम करते तिचं ऑफिस दापोड्याला शेठच्याच गोदामाच्या गाळ्यात आहे. त्यामुळे सकाळी पाण्याची मोटर लावताना जे मालक दिसतात, तेच अर्ध्या तासाने ऑफिसात माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसतात. घरी मला "बाय" म्हणतात, ऑफिसात "मॅडम". दोन्हीकडे पंख्याचं बटण बंद करतात.

माणूस खाडीकाठच्या शेतकरी घरातला. तरुणपणी भात लावला, मग स्वतःचे माग टाकले, मग मागाचे दिवस फिरले तसे माग भंगारात घालून दापोड्याच्या जमिनीवर गाळे बांधले. आता गळ्यात बोटाएवढी जाड साखळी आहे, दारात पांढरी गाडी आहे, आणि वाढदिवसाला नाक्यावर बॅनर लागतो. आमच्याकडच्या बॅनरवर प्रत्येक मोठ्या माणसाने फोन कानाला लावलेला असतो. आकाशाकडे बघत तो कुणाशी तरी फार महत्त्वाचं बोलत असतो. शेठच्या बॅनरवर शेठनी दोन फोन धरलेत, एकेका कानाला एक. खाली लिहिलंय, "कार्यसम्राट". कार्य कुठलं ते लिहिलेलं नाही.

नाव हसुराम असलं तरी शेठ हसत नाहीत. चार माणसांत विनोद झाला की सगळ्यांचं हसून संपल्यावर ते एकदा "ह्या ह्या" करतात, पावतीवर सही केल्यासारखं. माणसांच्या बाबतीत त्यांचे कायदे कडक आहेत. तोंडात गुटख्याचा तोबरा असलेल्या माणसाशी ते बोलत नाहीत. मिशीवाल्याला गाळा देत नाहीत. "मिशीत मानूस लपतो," म्हणतात. नीलेश नावाचा एक दलाल आमच्या गाळ्यावर पडीक असतो. वडिलोपार्जित भरघोस मिशी होती बिचाऱ्याला. एका मोठ्या पार्टीची दलाली हातची जाईल या भीतीने त्याने ती उतरवली. त्याची बायको आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही, पण दलाली मिळाली. मास्कच्या दिवसांत तर शेठनी व्यवहारच बंद ठेवले होते. तोंड झाकलेल्या माणसाचं तोंडही बघायचं नाही, असं काहीसं त्यांचं म्हणणं होतं.

समोरचा बोलत असला की शेठ त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात. पापणी लवत नाही. भाडं कमी करून घ्यायला आलेली पार्टी त्या नजरेने घामाघूम होते आणि वर पुढच्या वर्षीची वाढ कबूल करून जाते. "शेठ माणूस वाचतात," असं नीलेश सगळीकडे सांगतो.

पण शेठची खरी कीर्ती दोन शब्दांवर उभी आहे. फोन वाजला की ते तो कानाला लावतात, "हां… हां… बरं… बरं…" करतात आणि शेवटी म्हणतात, "भेटून बोलू." झालं. फोन बंद. भाडं असो, गळका पत्रा असो, कुणाच्या साखरपुड्याचं आमंत्रण असो, शेठ फोनवर काही ठरवत नाहीत. माणसाने समोर यायचं. याचा दापोड्यात असा काही बोलबाला झालाय की नवे नवे शेठ झालेले तरुणही आता दोन रिंगनंतर फोन उचलून घोगऱ्या आवाजात "भेटून बोलू" म्हणतात. मग भेटत नाहीत, तो भाग वेगळा. नीलेशने एकदा एका मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की हल्लीच्या धंद्यात विश्वास का राहिला नाही, तर लोक भेटून बोलत नाहीत. टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या टाळ्या वाजवून झाल्यावर शेठनीही वाजवल्या.

आता मला सांगा, ज्या माणसाला फोनवर दोनच शब्द बोलायचेत त्याला इतका चोखंदळ फोन हवा कशाला? हा प्रश्न मला पडायचा, पण मी विचारत नसे. कारण शेठचे नापास फोन फुकट वाटले जातात. गोदामाच्या वॉचमनकडे एक आहे, दूधवाल्याकडे एक आहे, देवळातल्या पुजाऱ्याकडे तर घंटीपेक्षा मोठा आहे. आता माझ्या शेजारी पडलाय तोही नापासच. "याला गलाच न्हाय," असं म्हणून शेठनी तो माझ्या टेबलावर टाकला होता. त्याच फोनवर माझी आई नगरहून बोलते तेव्हा आतल्या खोलीत झोपलेला माझा नवरा उठून बसतो. तेव्हा शेठना चांगला फोन मिळू नये असं वाटणारी बरीच माणसं आमच्या आळीत होती आणि त्यांत मी होते, हे उघडच सांगते.

शेठच्या घरात दुसरं माणूस म्हणजे हिराकाकू. काकू बोलायला मोजक्या, पण त्यांच्या हातांना चळ आहे असं माझं कितीतरी दिवस पक्कं मत होतं. शेठकडे कुणी आलं की काकू बरोबर त्याच्या पाठीमागे, शेठच्या समोर पडेल अशा जागी सूप घेऊन बसायच्या. तांदूळ निवडायचं निमित्त. पण निवडणं कमी आणि बोटं नाचवणं जास्त. मध्येच तर्जनी हवेत गरगर फिरवतील, मध्येच मनगट उलटं करतील, मध्येच करंगळी ओढतील. पाहुणा भाडं कमी करायची गोष्ट काढायचा आणि मागे काकूंचं मनगट उलटायचं. शेठ लगेच म्हणायचे, "न्हाय जमनार." मला वाटायचं, बिचाऱ्यांना संधिवात असेल. एकदा तेलही सुचवलं. काकूंनी ते लावलंसुद्धा.

तर या हिराकाकू मध्यंतरी खारबावला गेल्या. त्यांची लेक वैशाली तिथे दिली आहे. दुसरं बाळंतपण, आणि ऐन वेळी सासू ओसरीवर पाय घसरून पडली, हात प्लास्टरमध्ये. तेव्हा काकूंना जाणं भागच होतं. खारबाव काही लांब नाही, गाडीने तासाच्या आत माणूस पोचतं. पण लेकीच्या सासरी बापाने किती वेळा जायचं याचे आमच्याकडे रिवाज आहेत. शेठ रविवारी खाडीची ताजी मासळी घेऊन जायचे, ओसरीवर बसायचे, व्याही चहा पाजायचे, मागच्या दारात काकू दिसल्यासारख्या व्हायच्या आणि शेठ परत यायचे. व्याह्याच्या ओसरीवर बसून बायकोशी काय बोलणार?

काकूंकडे बटणाचा फोन. एक बॅटरी आणि एक सापाचा खेळ एवढंच त्यात असतं ना, तो. रोज दुपारी जेवणाच्या वेळी त्यांचा फोन यायचा. पहिल्या दिवशी गाळ्यावर आम्ही सगळे डबे उघडून बसलो होतो. शेठनी फोन कानाला लावला.

"हां… हां… बरं… बरं…" आणि मग सवयीने, "भेटून बोलू."

नीलेशच्या घशात घास अडकला. "शेठ, काकूंना पण?"

शेठनी त्याच्याकडे बघितलं. "धंदा असो का घर, नियम एकच."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट दापोडेभर झाली. नीलेशने ती आपल्या स्टेटसला टाकली, खाली हात जोडलेले. एवढा तत्त्वाचा माणूस आता होणे नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. मीही हसले. पण डबा धुवायला उठले तर शेठ अजून तसेच बसलेले. फोन कधीच बंद झालेला, तरी कानाला धरलेला. जेवण तसंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शेठनी डबा बंद केला आणि मला म्हणाले, "मॅडम, चला सलीमभाईकडं. मना असा फोन पायजे का त्याच्यावर हिराशी बोलता येल. बोलता येल, समजला? बाकी कायपन नसला तरी चालंल."

सलीमभाईंचं दुकान कल्याण नाक्यावर. शेठ दिसले की ते पोटमाळ्यावरून माल उतरवायला लागतात. त्या दिवशी त्यांनी काचेवर दोन फोन ठेवले. एक काळा, जाडजूड, विटेसारखा. दुसरा पांढरा, नाजूक, किंमत ऐकून आपल्याला घाम फुटावा असा.

"देखो शेठ," सलीमभाई म्हणाले, "ये काला वाला धंदे का शेर है. बॅटरी दो दिन हिलेगी नहीं. ट्रक के नीचे आया तो ट्रक का पंचर. और ये गोरा वाला, इसका कॅमेरा ऐसा के चाँद का दाग गिन लो."

"चांद कशाला बगू?" शेठ म्हणाले. "दापोड्याच्या धुरल्यात आमाला समोरचा कंटेनर दिसत न्हाय."

"तो फिर धंदे को काला, घर को गोरा. दोनों ले जाओ, चला के देखो, जो पसंद आये वो रखना."

अशी परीक्षेची सोय सलीमभाई फक्त शेठनाच देतात, कारण शेठ नापास फोनही परत आणत नाहीत, पैसे देऊन वाटून टाकतात. दोघं उमेदवार गाळ्यावर आले. गोरा आणि काला हीच त्यांची नावं पडली. उजव्या खिशात धंदा, डाव्या खिशात घर. आज काला धंद्यात आणि गोरा घरात, उद्या उलट. आमच्या गाळ्यात तोवर कुणाला कशाचं मत नव्हतं, ते आता सगळ्यांना फुटलं. नीलेशचं म्हणणं, गोरा धंद्यालाच हवा. पार्टी समोर बसली की तो टेबलावर नुसता पालथा ठेवायचा, भाडं आपोआप वाढतं. घरी काय, कुणीही बघत नाही, घरी काला चालेल. हमाल म्हणायचे, पडला तरी फुटणार नाही तोच फोन, बाकी सगळी श्रीमंतांची नाटकं. मी दोन्ही बाजूंनी बोलत होते. माझा जीव मनातून गोऱ्यात अडकला होता. तो नापास झाला तर टेबलं फक्त दोनच होती, नीलेशचं आणि माझं.

परीक्षेत दोघंही रोज नापास होत होते. दुपारी काकूंचा फोन आला की शेठ कधी गोरा कानाला लावायचे, कधी काला, कधी बाहेर जाऊन कंटेनरच्या आडोशाला उभे राहायचे, कधी बाथरूमचं दार लावून घ्यायचे. बाहेर येऊन म्हणायचे, "दोगंपन घुमं हायेत." माणूस उतरला होता. शर्टाची इस्त्री जाऊ लागली. एक दिवस पंख्याचं बटण चालू राहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

मग एका सकाळी ते म्हणाले, "बाय, कारखान्यात जाऊ. आज उलटी परीक्षा हाय."

टेमघरला आमच्या मागच्या गल्लीत रहमतचाचांचा कारखाना आहे. शेठचे माग होते तेव्हा ते चाचांच्या भिंतीपलीकडेच होते. चाचांना पांढरी शुभ्र दाढी आहे आणि मिशी साफ, त्यामुळे शेठच्या कायद्यात ते बसतात. त्या दिवशी शेठ बाहेर रस्त्यावर थांबले आणि मला म्हणाले, "तू आत जा. गोरा चाचासमोर धर. तू काय बोलू नको."

आत गेले. माग धडधडत होते, जमीन पायाखाली थरथरत होती. मी फोन चाचांसमोर धरला. पडद्यावर रस्त्यातले शेठ दिसले. चाचांनी त्यांना बघितलं, हसले आणि दोन बोटं ओठांना लावून भुवया उडवल्या. शेठनी पडद्यात मान हलवली, पोटावर हात फिरवला. जेवलास का? जेवलो. एवढं मलाही समजलं. मग चाचांनी तर्जनी हवेत गरगर फिरवली. तसं पलीकडच्या मागावरच्या कारागिराने सुताची नवी कांडी उचलली, कारण त्याला वाटलं, त्यालाच सांगितलं. मग मनगट उलटं. मग करंगळी ओढली.

मी फोन धरून उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांपुढे सूप आलं. तांदूळ आले. तेल लावलेली बोटं आली. मी शेडभर नजर फिरवली. सगळे कारागीर असेच बोलत होते. कुणी आवाज काढायच्या भानगडीत पडतच नव्हतं. ताणा तुटला, कांडी संपली, माग बंद कर, चहा आला, सगळं बोटांवर. आणि आमचे गंभीर, तत्त्वाचे, माणूस वाचणारे हसूशेठ रस्त्याच्या कडेला उभे राहून एका हाताने घडाघडा बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना जन्मात बघितलं नव्हतं.

मग काल्याची पाळी झाली. बाहेर आल्यावर शेठनी दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले.

"आतमंदी उजेड कमी हाय. काल्यात बोटं पुसली जातान. गोऱ्यात कांडीचा न बंदचा इशारा वेगला वेगला दिसतो." त्यांनी एकदाचा खरा निकाल दिला. "गोरा पास."

शेठ पुढच्या टपरीवर चहा सांगायला गेले. चाचा माझ्याजवळ बाकावर बसले. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "भाभी कांडी भरती थी, शेठ माग चलाते थे. दिनभर बातें, और आवाज एक नहीं. हम लोग जलते थे, बेटी. हमारी वाली तो आज भी पूछती है के तुम लोग वहाँ चुप कैसे रहते थे."

"आणि कान?" मी विचारलं.

"कान?" चाचा हसले. "हम सबके कान तो इन्हीं शेडों में रह गए."

मला माझाच राग आला आणि हसूही आलं. ती टक लावलेली नजर, ती मिशी, तो गुटखा, तो मास्क. "भेटून बोलू." अख्खं दापोडं ज्याला धंद्याची नीती म्हणून डोक्यावर घेऊन नाचत होतं, तो एका न ऐकू येणाऱ्या माणसाचा सरळ साधा मार्ग होता. समोर या, म्हणजे मला तुमचे ओठ दिसतील. आणि ओठ दिसले नाहीत तर मागे हिरा बसलेलीच आहे. ती हिरा खारबावला गेली आणि शेठचं सगळं बोलणंच सोबत घेऊन गेली.

चहा घेतला. शेठनी गोरा माझ्या हातात दिला.

"खारबावला जाशील का, बाय? यो तिला दे, शिकव जरा. मी गेलो तर व्याही चहा करीत बसतान."

"हा तिला? आणि तुम्हाला घरचा?"

"मना काय, मी काला वापरीन. तिची बोटं दिसाया पायजेत." मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "नीलेशला सांगू नको."

खारबावला काकूंनी गोरा हातात घेतला आणि लगेच पदराने पुसला. "येवढा म्हागाचा कशाला? मना न्हाय जमनार गो." आत वैशालीचं बाळ रडत होतं, ओसरीवर प्लास्टरवाली सासूबाई सूचना देत होती. मी काकूंना स्वयंपाकघरात नेलं आणि दार ओढून घेतलं. शिकवायला फारसं नव्हतंच. एक हिरवं बटण, बास. फक्त काकू फोन हातात धरायला तयार नव्हत्या. "हातात धरला तर बोलू कशी?" त्यांनी फोन मिसळणाच्या डब्याला टेकून उभा केला, पाट ओढला आणि समोर बसल्या. हा फोन कशासाठी आणलाय हे त्यांना मी सांगितलंच नव्हतं. सांगायची गरज पडली नाही.

"काकू, कानाचं यंत्र मिळतं की," मी हळूच म्हणाले.

"घेतला व्हता. कपाटात हाय. कानात घातला का दलाल वराडून बोलाया लागतान, पोराशी बोलल्यासारका. मानूस हलका होतो गो."

मी बटण दाबलं. पडद्यावर शेठ आले. गाळ्यातच होते, मागे माझंच टेबल दिसत होतं, पंखा बंद. मी सवयीने पुढे वाकले. "शेठ, आवाज येतोय का?"

काकूंनी मला कोपराने बाजूला सारलं. "तू सरक."

दोन बोटं ओठांना. जेवलास का? शेठनी मान हलवली, नाही. मग काकूंची बोटं सुरू झाली. मी इतके दिवस जो चळ समजत होते, तो आज पूर्ण वाक्यांत चालला होता. बाळ किती मोठं, सासूबाईंचा हात कसा, मासळी कोणी खाल्ली, असलं काहीतरी असणार. अधूनमधून त्या नाक असं मुरडायच्या की सासूबाईंचा विषय मला न शिकता कळला. आणि पलीकडे हसुराम हसत होते. सगळ्यांनंतर नाही, पावती दिल्यासारखंही नाही. काकूंची बोटं वळायच्या आतच हसत होते. नीलेश पाठीमागून दार उघडून आत आला, हे बघून तसाच दारात थिजला. शेठनी मागे बघितलंही नाही.

मग शेठनी बोलायला घेतलं. हळूहळू, बरंच काही. काकूंचे हात मांडीवर स्थिर झाले. त्या नुसत्या बघत राहिल्या. मी प्रथमच त्यांचे हात स्थिर बघत होते.

"काय म्हणताहेत शेठ?" मी न राहवून विचारलं.

"काय न्हाय गो." काकूंनी नजर पडद्यावरून हलवली नाही. "घर लय शांत झालाय म्हनतान."

आणि त्यांनी पुन्हा हात उचलले.